हिरव्या गाडीची तिसरी तपासणी

गाडी देखणी होती, यात वादच नाही. गडद हिरवी, दोनच दारांची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. दातांच्या डॉक्टरांनी ती युरोपातून बोटीने मागवली आणि गॅरेजमधल्या मेकॅनिक मामांच्या मागे साडेसाती लागली. अशी गाडी रस्त्यावर आणायची तर आधी धुराची तपासणी पास व्हावी लागते, आणि ही बया दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली की विषय संपला. गाडी पुन्हा बोटीत, नाहीतर भंगारात.

दुसऱ्या खेपेला केंद्रातला तपासनीस सायलेन्सरमधली धूर मोजायची नळी काढता काढता मामांकडे बघतच राहिला. दोघांची ओळख जुनी. तो हळू आवाजात म्हणाला, "मामा, कच्च्या पेट्रोलचा वास पार माझ्या टेबलापर्यंत येतोय. तुम्हाला कसा नाही आला?"

"सर्दी झालीय," मामा म्हणाले.

सर्दी कसली डोंबलाची! हिवाळ्यात ताप येऊन गेला तेव्हापासून मामांना वास म्हणून कसलाच येत नव्हता. ना साबणाचा, ना पेट्रोलचा. चहा म्हणजे नुसतं गोड गरम पाणी. आधी वाटलं, येईल परत. मग वाटलं, कुणाला सांगायची गरज काय? आणि सांगणार तरी कुठल्या तोंडाने? या माणसाने जन्मभर नाकावरच नाव कमावलेलं. जुनी कार्बोरेटरवाली गाडी आली की मामा सायलेन्सरमागे उकिडवे बसणार, दोनदा हुंगणार, पेट्रोल कमी-जास्त करायचा स्क्रू जरासा फिरवणार, की गाडी ताळ्यावर. गॅरेजच्या मालकाने धूर मोजायचं मशीन घ्यायचा विषय काढला की हेच आडवे यायचे. माझं नाक असताना मशीन कशाला, असं चार गिऱ्हाइकांसमोर ऐकवायचे. आता मशीनही नाही आणि नाकही नाही. स्वतःच घालून घेतलेला घोळ, बोंबलणार कुणाच्या नावाने?

त्या संध्याकाळी मामांनी नुसत्या कानावर काम भागतंय का ते पाहिलं. हिला कार्बोरेटर दोन, आणि दोघांचं आपसात पटेना. एकाला समजवावं तर दुसरा रुसून बसायचा. इंजिन छान गुरगुरत होतं, पण मागून काय बाहेर पडतंय ते कळायला मार्ग नव्हता. मालक दोनदा येऊन बघून गेला. गुडघे कुरकुरत होते, कंबर धरली होती. एकदा वाटलं, बास झालं आता, सोडून द्यावं सगळं. पण शेवटची गाडी नापास करून घरी बसायचं, हेही मनाला पटेना.

घरी आल्यावर बायकोने त्यांचा कामाचा शर्ट रोजच्यासारखा नाकाशी नेला आणि बादलीत टाकला. मग हात पुसत म्हणाली, "उद्या मी येते गॅरेजवर."

"तू? कशाला?"

"वास घ्यायला. तुम्हाला येत नाही ना."

कधीपासून माहीत आहे, असं मामांनी विचारलं, तर ती ताटं घ्यायला आत निघून गेली. चिडावंसं वाटलं, पण चिडायलाही अंगात त्राण लागतं.

सकाळी गॅरेजमध्ये इतर कुणी यायच्या आत दोघं पोचले. गाडी दाराबाहेर काढली. बायको सायलेन्सरपासून जरा लांब स्टूल टाकून बसली, मांडीवर पर्स, हातात रुमाल. बाई काही मेकॅनिक नव्हती. पण मामांचे कपडे धुण्यात तिचा जन्म गेला होता, आणि कुठल्या दिवशी हे खुशीत आले, कुठल्या दिवशी वैतागून, ते तिला शर्टच सांगायचा. मामा पुढून स्क्रू फिरवायचे आणि मान वाकडी करून तिच्याकडे बघायचे. आता तुम्ही न जेवता आलेल्या दिवसाचा वास येतोय, असं ती म्हणाली की समजायचं, पेट्रोल जास्त. डोळे चुरचुरतात म्हणाली की स्क्रू मागे घ्यायचा. असं पुढेमागे, पुढेमागे किती वेळ चाललं. मधे एकदा ती उठून तोंड धुऊन आली, कारण तिला मळमळायला लागलं होतं. मामा म्हणाले, राहू दे. ती म्हणाली, बसा गुपचूप. शेवटी तिने रुमाल खाली केला आणि म्हणाली, "हां. हा सुट्टीच्या आदल्या दिवसाचा."

गाडीत शिरताना मात्र तिची फजिती झाली. यात बसायचं की झोपायचं, असं तिने विचारलं आणि मामांना बऱ्याच दिवसांनी हसू आलं.

केंद्रावर ही रांग. इंजिन थंड झालं तर सगळं मुसळ केरात, म्हणून मामांनी ते चालूच ठेवलं. वीतभर पुढे सरकायचं, पुन्हा थांबायचं. बायको समोर बघत म्हणाली, "ताईच्या पायाचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी का गेले नाही, माहीत आहे?"

मामांना वाटायचं, बहिणी-बहिणींचं काहीतरी बिनसलं असेल. तसं ते दोघा-तिघांजवळ बोललेही होते.

"त्याच्या आदल्या आठवड्यात दूध उतू जाऊन शेगडी विझली होती. मी बाजारातून आले तर घरभर गॅस, आणि तुम्ही हातात लायटर घेऊन चहा करायला निघालेले. मी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. तुम्ही म्हणालात, थंडीत खिडक्या कशाला उघडतेस?" तिने मांडीवरची पर्स सरळ केली. "तुम्हाला एकटं टाकून जाऊ कशी मी? आणि ताईला सांगू काय? वाटायचं, आज ना उद्या तुम्हीच बोलाल. राग यायचा मला तुमचा. खूप."

मागच्या गाडीने हॉर्न वाजवला तेव्हा मामांच्या लक्षात आलं की पुढे जागा झाली आहे. त्यांनी गाडी सरकवली.

गाडी पास झाली. काठावर का होईना, पण झाली. तपासनीस कागदावर शिक्का मारत म्हणाला, मामा, सर्दी गेली वाटतं. बायको भिंतीजवळच्या बाकावर चपला काढून डोळे मिटून बसली होती. मामांनी तिच्याकडे पाहिलं.

"सर्दी नव्हतीच," ते म्हणाले. "मला वास येत नाही. आजचा तिने घेतला."

गॅरेजमध्ये मालकालाही त्यांनी तेच सांगितलं आणि मशीन घ्या म्हणाले. मालक चेष्टा करेल असं त्यांना वाटलं होतं. त्याने नुसतं खुर्चीकडे बोट केलं, बसा म्हणाला, आणि गाडी पास झाल्याचं कळवायला डॉक्टरांना फोन लावला. मामांना ना आनंद झाला ना दुःख. कधी एकदा घरी जाऊन पडतो असं झालं होतं.

घरी पोचल्यावर ते आधी शेगडीपाशी गेले आणि खाली सिलिंडरचा कॉक बंद केला. बायकोला म्हणाले, "तू ताईंकडे जाऊन ये. हवे तितके दिवस राहा. मी हा उघडणार नाही, बाहेर जेवीन."

तिने लगेच फोन लावला. ताई, उद्या येतेय, एवढंच ती धड बोलली. पलीकडून ताईंचा आवाज मामांनाही ऐकू येत होता. आत्ता आठवण झाली का, मी अंथरुणात पडले होते तेव्हा कुठे होतीस, असं त्या विचारत होत्या. बायकोने फोन कानापासून जरा लांब धरला. इतके महिने ती हेच ऐकून घेत आली असणार.

मामांनी तिच्या हातातून फोन घेतला.

"ताई, ती माझ्यामुळे आली नाही," ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसत पहिल्यापासून सांगायला लागले.