परब सरांची पांढरी पूड

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत एकाही कुंडीतलं झाड सुखरूप नाही, आणि त्याला कारण तिसऱ्या मजल्यावरचे निलेश परब सर. सर विलेपार्ल्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. पानं उकळायची, त्या पाण्यात जस्ताचा क्षार मिसळायचा, खाली बसलेला गाळ भट्टीत तापवायचा, की झिंक ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांची पांढरी पूड तयार! मग काचेच्या बशीत जंतू वाढवायचे आणि त्यांच्यावर ती सोडायची. जंतू मेले की शोधनिबंध. पुढच्या वर्षी कृती तीच, पान दुसरं. तुळस झाली, कढीपत्ता झाला, शेवगा झाला. माझ्या बायकोचा ओवासुद्धा विज्ञानाच्या कामी आला. या निबंधांच्या जोरावर सर प्रोफेसर झाले आणि आम्ही त्यांना शाल दिली.

घोळ घातला तो त्यांच्या आईनं. शेवंतीकाकूंच्या पायाला पत्रा लागला आणि त्या हटून बसल्या, "झिला, तुझा ता औषध लाव. बाहेरचा माका नको." सरांनी ती पूड माणसाला कधी लावलीच नव्हती. आईवर प्रयोग करायचा धीर होईना, म्हणून त्यांनी गुपचूप मेडिकलमधलं मलम आपल्या बाटलीत भरलं. जखम भरली, आणि काकूंनी ती बाटली मजल्यामजल्यावर मिरवली.

मग आले तळमजल्यावरचे धोंडिरामकाका. जुना मधुमेह, अंगठा काळा पडलेला, आणि हॉस्पिटलची ठरलेली वेळ या बहाद्दरानं रद्द केलेली. त्यांना जिना चढवून मीच आणलं, कारण त्या बाटलीवर माझाही भरवसा बसला होता.

"सर, थोडं लावा ना," काका म्हणाले.

सर मागे सरकले. "काका, ते मलम मेडिकलमधलं होतं."

"मोठी माणसं अशीच बोलतात," म्हणत काकांनी पाय पुढे केला.

शेवटी सर ओरडलेच, "अहो, माझ्या पुडीनं आजवर फक्त बशीतले जंतू मेलेत! माणूस एकही बरा झालेला नाही! पाय जाईल तुमचा, हॉस्पिटलात चला!"

शाल देतानाही मला सरांबद्दल इतका आदर वाटला नव्हता. शेवंतीकाकू मात्र मुलाकडे बघतच राहिल्या.

"मगे तुका प्रोफेसर कशाक केल्यानी?"

काकांना धरून सर रिक्षा बघायला खाली उतरले.