गेमची सावड

आज दुपारी भाचा मोबाईलवर बातमी वाचत होता. मला म्हणाला, "मामा, एक मोठी कंपनी गेमवाली कंपनी विकत घेणार म्हणं. परवडंल का तिला?"

"परवडंल की. ती एकटी घेती. आमी तिघं मिळून एक गेम जमवायचो."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. घरचे लोक सावड करायचे, म्हणजे दोन घरांचे एकेक बैल जोडून दोघांची रानं नांगरायचे. तसंच कळसला आम्ही शाळकरी पोरांनी केलं होतं. गेमचं मशीन माझं, बारामतीहून आणलेली कॅसेट दत्ताची, आणि टीव्ही बाळूच्या घरचा.

एक जरी रुसला तरी खेळ बंद. त्यामुळं कितीही भांडलो तरी संध्याकाळपर्यंत मिटवावंच लागायचं. फक्त शेवटचं भांडण तेवढं राहिलं. ते मिटायच्या आतच बाळूच्या घरच्यांनी गाव सोडलं.

मघाशी माळ्यावरून मशीन काढून पुसलं. दत्ताला फोन केला, तर कॅसेट त्यानं अजून जपलीय.

जुना टीव्ही कुठंबी मिळंल. पण तुमच्यापैकी कुणी कळसच्या बाळूला ओळखतं का? ओळखत असाल तर त्याला एवढंच सांगा, भांडण मिटलंय.