भावकीविरुद्ध साक्ष

मी जे पाहिलं ते त्याच संध्याकाळी पोलिसांना सांगितलं. पुढे कितीजणांनी, किती तऱ्हांनी विचारलं तरी माझ्या सांगण्यात काना-मात्रेचा फरक पडला नाही. यात माझी मोठी कर्तबगारी नाही. मला दिसलं होतं आणि चष्मा लावल्यावर माझी नजर चांगली आहे.

वारज्यात आमची तीन मजली इमारत आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथे ज्वारी उभी असायची. पुढे गाव शहरात गेलं, शेजारून हायवे झाला, आणि यांनी शेतात इमारत बांधली. मी महापालिकेच्या शाळेत शिकवत होते. दुसऱ्या मजल्यावर यवतमाळकडचं एक कुटुंब भाड्याने राहायचं. नवरा कारखान्यात, बायको घरी, आणि एकुलता एक मुलगा. ते आले तेव्हा मुलगा प्राथमिक शाळेत होता. सायकल तो आमच्याच अंगणात शिकला. अकरावीत जाईपर्यंत चांगला उंच झाला. आईशी वऱ्हाडीत, मित्रांशी हिंदी-इंग्रजीच्या खिचडीत आणि माझ्याशी मात्र अगदी नीट मराठीत बोलायचा, कारण मी टोकायचे. "काकू, तुमच्याशी बोलताना पेपर लिहिल्यासारखं वाटतं," असं एकदा म्हणाला होता.

आणि दुसरा, आमचा पुतण्या. सख्खा नव्हे, चुलत दिराचा मोठा मुलगा. लहानपणी माझ्या मांडीवर खेळलेला. त्याने गाड्या भाड्याने द्यायचा धंदा काढला होता आणि तो बुडाला होता, हे साऱ्या आळीला ठाऊक होतं. वागायला मात्र गोड. आमच्या दारावरून जाताना खालूनच ओरडायचा, "काकू, चहा टाका!" दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा त्याला दादा म्हणायचा आणि त्याच्या गाडीभोवती घुटमळायचा. त्या वयाच्या मुलांना गाडीवाला दादा आवडतोच.

थंडीचे दिवस होते. दुपारचं ऊन उतरायला लागलं होतं आणि मी पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत वाळलेले कपडे काढत होते. खाली पुतण्याची पांढरी गाडी उभी होती. तो दाराला टेकून फोनवर बोलत होता. त्या दिवशी त्याने मान वर केली नाही. मागच्या सीटवर एक अनोळखी माणूस होता, भुवईवर आडवा व्रण असलेला. एवढ्यात मुलगा क्लासची सॅक अडकवून जिन्यातून खाली आला. दोघांचं काही बोलणं झालं, मुलगा हसला आणि पुढच्या सीटवर बसला. बसता बसता त्याने मला हात केला. गाडी हायवेकडे निघून गेली. मी कपड्यांच्या घड्या घालायला आत गेले.

दिवेलागणीला त्याची आई खाली आली. मुलगा क्लासला पोचलाच नव्हता. आणि नवऱ्याला कारखान्यात फोन आला होता, की मुलगा परत हवा असेल तर पैशांची सोय करा, पोलिसांत जाऊ नका.

"अगं, तो तर आमच्या पुतण्याच्या गाडीतून गेला. मी पाहिलं," मी म्हणाले आणि तिच्यासमोरच पुतण्याला फोन लावला.

"काकू? मी तर सकाळपासून साताऱ्यात हाय," तो म्हणाला. "का, काय झालं?"

मी फोन ठेवला आणि चपला पायात घातल्या. हे दारात उभे होते.

"आधी त्याच्या वडिलांना विचारू," हे म्हणाले. "एकदम पोलिसांत घरच्याचं नाव घालायचं? काही गैरसमज असला तर?"

"अहो, तो खोटं बोलला," मी म्हणाले. "आत्ता, माझ्याशी. आपण त्याला सावध करायचं का?"

हे वाटेतून बाजूला झाले. मी त्या बाईचा हात धरून चौकीत गेले, तिला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि आत जाऊन गाडी, पुतण्या, मागचा माणूस, त्याचा व्रण, सगळं सांगितलं. तिथला तरुण अधिकारी म्हणाला, "काकू, नातेवाईक आहे तुमचा. नक्की ना?" मी म्हणाले, "लिहून घ्या, मी वाचून सही करते."

पुतण्याला पोलिसांनी लगेच उचललं, आणि त्याच्याकडून त्या व्रणवाल्याचा माग लागला. मुलगा सापडला तो खडकवासल्याच्या पाण्याच्या काठाला, झाडीत. फोन आला त्याच्या आधीच त्याला मारून टाकलं होतं. त्याला सोडायचा विचार त्या दोघांच्या मनात कधी नव्हताच, कारण तो दोघांपैकी एकाला दादा म्हणत होता. ओळखीच्याला उचललं की जिवंत परत पाठवता येत नाही, असं त्यांनी आधीच ठरवलं होतं. तपासात हे बाहेर आलं तेव्हा त्याची आई माझ्याच स्वयंपाकघरात बसलेली होती. ती रडली नाही. "माय, त्याच्यावर भरोसा होता पोट्ट्याचा," एवढंच म्हणाली.

मला वाटलं होतं, हे लोक आता गावी परत जातील. ते गेले नाहीत. मुलाच्या वडिलांनी सांगितलं, "केस संपेपर्यंत इथंच राहतो." मी म्हणाले, राहा.

मग भावकी सुरू झाली. आधी गोडीने. चुलत सासरे आले, चहा प्यायले, जमिनीच्या जुन्या गोष्टी काढल्या आणि जाता जाता म्हणाले, "भाडेकरू आज हाय, उद्या न्हाय. भावकी जन्माची." नंतर गोडी संपली. गावच्या उत्सवात आमच्याकडे निरोप आला नाही. संक्रांतीला मी हळदीकुंकू केलं तर भावकीतली एकही बाई आली नाही. दुसऱ्या मजल्यावरून मात्र ती एकटी आली, आणि मी तिला मानाने पाटावर बसवलं.

शेवटी जाऊ आली, पुतण्याची आई. मी शिक्षिका, म्हणून भावकीतल्या जावा मला बाईच म्हणतात. ती माझ्यापुढे जमिनीवर बसली.

"बाई, खोटं बोला म्हणत न्हाय मी. एवढंच म्हणा, की चष्मा नव्हता डोळ्यावर. नीट दिसलं नसंल."

"चष्मा होता."

"तुमच्या मांडीवर खेळलाय त्यो."

"खेळलाय," मी म्हणाले. "आणि तो मुलगाही माझ्याच अंगणात खेळला. त्याची आई वर राहते. तिला जाऊन तू हे सांगशील का?"

मला तिची कणव आली नाही असं नाही. तिचा काही गुन्हा नव्हता. पण तिला द्यायला माझ्याजवळ काही नव्हतं. ती उठली तेव्हा मी तिला दारापर्यंत सोडायला गेले. तिने मागे वळून पाहिलं नाही.

मधल्या काळात मला कारागृहात ओळख परेडला नेलं. सारख्या बांध्याची माणसं ओळीत उभी केली होती आणि सगळ्यांच्या भुवईवर पट्टी चिकटवलेली होती, म्हणजे व्रणावरून ओळखता येऊ नये. मी व्रण शोधलाच नाही. चेहरा पाहिला आणि बोट दाखवलं.

साक्षीला बोलावणं यायला बरीच वर्षं गेली. तारखा पडायच्या आणि पुढे जायच्या. शिवाजीनगरच्या कोर्टाचा जिना आमच्या पायाखालचा झाला. मुलाची आई दर तारखेला यायची आणि मीही तिच्याबरोबर जायचे; काम नसलं तरी. येताना आम्ही दोघी कोर्टाबाहेर उसाचा रस प्यायचो.

माझ्या साक्षीच्या आदल्या दिवशी सरकारी वकील म्हणाले, "बाई, मुलाला गाडीत बसवलं असं सांगा. बळजबरी दिसली तर आपल्याला सोपं जाईल."

"बसवलं नाही. तो बसला."

"फरक काय पडतो?"

"तुम्हाला नसेल पडत. मी पाहिलंय ते हेच."

त्यांनी खांदे उडवले. नंतर म्हणाले, "ठीक आहे. फसवून नेणं हेही अपहरणच असतं. तुम्ही पाहिलं तसंच सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे कपडे करून तयार. मी विचारलं, "कुठे?" हे म्हणाले, "कोर्टात. तू एकटी जाणार आहेस का?" त्या संध्याकाळनंतर इतक्या वर्षांत यांनी या विषयावर मला एकदाही होय किंवा नाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी हे भावकीच्या समोर, माझ्या बाजूच्या बाकावर जाऊन बसले.

आरोपीचे वकील वयस्कर, शांत, फार अदबीने बोलणारे. आधी त्यांनी अंतर विचारलं, चष्मा विचारला, ऊन कोणत्या बाजूला होतं ते विचारलं. मी सांगितलं. मग त्यांनी आवाज आणखी मऊ केला.

"आपल्या घराचा आणि आरोपीच्या वडिलांचा बांधावरून वाद आहे. खरं?"

"खरं."

"दावा चालू आहे?"

"चालू आहे."

"म्हणजे आरोपी तुरुंगात गेला तर आपला फायदाच आहे."

"त्याच्या वडिलांशी वाद आहे, आणि तो दिवाणी कोर्टात चाललाय," मी म्हणाले. "त्यासाठी दुसऱ्याच्या मुलाच्या मरणाचा आधार घ्यायची वेळ आमच्यावर आलेली नाही."

"प्रश्नाला हो किंवा नाही म्हणा, बाई."

"नाही."

न्यायाधीशबाई टंकलेखकाला सांगत होत्या, तो माझी साक्ष उतरवून घेत होता. समोरच्या पडद्यावर मला अक्षरं दिसत होती. तिथे 'मुलास गाडीत बसवले' असं उमटलं. मी हात वर केला. चूक दिसली की टोकायची सवयच आहे.

"मॅडम, मी 'बसला' म्हणाले. तो आपणहून बसला. हसत."

आरोपीच्या वकिलांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. न्यायाधीशबाईंनी दुरुस्ती करायला सांगितली. पिंजऱ्यात पुतण्या उभा होता. दाढी वाढलेली, अंग सुटलेलं. त्याला ओळखता का, असं विचारल्यावर मी त्याच्याकडे बोट केलं. त्याने त्या दिवशीसारखीच मान खाली घातलेली होती.

बाहेर आल्यावर मुलाच्या आईने माझा दंड घट्ट धरला. मला वाटलं, ती म्हणेल, हसत होता हे का सांगितलं? कारण ते ऐकताना तिच्या काळजाचं काय झालं असेल ते मला समजत होतं.

"काकू, तो खरंच हासत होता?"

"हो."

"भ्यायला नव्हता?"

"नाही. मला हात केला त्याने."

"मले कोनी हे सांगतलंच नव्हतं," ती म्हणाली. "मी रोज पाहो, त्याले ओढून नेऊन रायले, तो मले हाका मारून रायला. रोज. कमीत कमी गाडीत बसेपर्यंत तरी तो खुशीत होता." आणि मग ती इतक्या वर्षांत पहिल्यांदा, कोर्टाच्या भर आवारात, मोठ्याने रडली. यांनी कुठूनशी पाण्याची बाटली आणली आणि तिच्या नवऱ्याच्या हातात दिली.

निकाल लागला. दोघांनाही जन्मठेप झाली. तिला फाशी हवी होती आणि तिने ते मला सरळ सांगितलं. मला नको होती, आणि मीही तिला ते सरळ सांगितलं. त्यावरून आमचं बिनसलं नाही. एकमेकींशी खोटं बोलायचं वय आणि वेळ दोन्ही आमच्यामागे पडली होती.

आता अपील वरच्या कोर्टात आहे. सरकारी वकिलांनी समजावलं, की अपिलात साक्षीदाराला पुन्हा बोलवत नाहीत, कागदावर जे आहे त्यावरच चालतं. मी म्हणाले, बरं झालं, कागद मी वाचून घेतलाय. केस खालच्या कोर्टात संपली तरी दुसऱ्या मजल्यावरचं कुटुंब गेलं नाही. त्यांनी सांगितलं, आता इथेच बरं वाटतं. मी करार पुढे वाढवला.

परवा भाजी घेताना जाऊ भेटली. दोघी एकाच गाडीवर मेथी निवडत होतो. इतक्या वर्षांनी ती आपणहून बोलली.

"बाई, गोड लागतं का तुमाला जेवण?"

"लागतं," मी म्हणाले. "तुला?"

तिने हातातली जुडी परत ठेवली. मग दुसरी उचलली, भाजीवाल्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "भेटायला जाते त्याला. महिन्याला."

"जात जा," मी म्हणाले. "तू आई आहेस. तुला जायलाच पाहिजे."

तिने मान हलवली. भाजीवाल्याने दोघींची मेथी एकाच वर्तमानपत्रात बांधली होती. ती आम्ही तिथेच उभ्या राहून वेगळी करून घेतली.