बेंबी सरकली, की दुसरंच काही?

बऱ्याच वर्षांपूर्वी मी भाकऱ्या थापत होते, तेव्हा हे म्हणाले होते, "बेंबीपाशी दुखतंय." घरच्यांनी सरकलेली बेंबी बसवायला म्हणून पोटावर दिवा ठेवून वर तांब्या उपडा घातला. दुखणं उजवीकडे उतरलं. अपेंडिक्स फुटून हे गेले. तेव्हापासून शरीराची पुस्तकं वाचते.

मैत्रिणींनो, काल सुनेनं पोट धरलं. थोरल्या जाऊबाई दिवा-तांब्या घेऊन हजर. "बेंबी सरकनी शे, दुसरं काही नही!"

मला संशय आला. सुनेला विचारलं, "आता कुठे दुखतंय?"

तिनं उजवीकडे, खाली हात ठेवला.

"पुस्तकं वाचीसन डॉक्टर व्हयनी का तू?" जाऊबाई म्हणाल्या.

मी रिक्षा बोलावली. रात्रीच अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. सून बरी आहे.

तुमच्याकडेही अजून बेंबी बसवतात का?

आज सकाळी घरी येऊन मी तो तांब्या घासला आणि पिण्याच्या पाण्याला लावला.