खालून कापलेल्या चार ओळी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही. तुम्हाला सांगतो आहे — का, ते विचारू नका.

साठचं दशक संपत आलं होतं. धुळ्याच्या एका दैनिकातली उपसंपादकाची नोकरी सोडून मी जळगावला, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात लागलो. काम एकच — यंत्राबरोबर जाणारं माहितीपत्रक लिहिणं. प्रत्येक यंत्राला एक पान. पानाचा क्रम ठरलेला: आधी नाव, मग चालवायची रीत, मग कोणता दांडा कशासाठी, आणि अगदी शेवटी माहीत असलेले दोष.

दोष सांगायचे नानामिस्त्री. यंत्र त्यांच्याच हातचं, तरी त्याची खोड लपवायचे नाहीत. मला ‘पेपरवाले’ म्हणून चिडवायचे. बंद करायचा दांडा ओढला तरी आतला ढोल बराच वेळ फिरत राहतो, हात घालू नये — हे त्यांनी मला समोर बसवून सांगितलं. मी लिहिलंही.

छापखान्यात मजकूर चार ओळी जास्त भरला. दैनिकात बातमी लांबली की आम्ही ती खालून कापायचो. कमी महत्त्वाचं तेच खाली, असं शिकलेलो. मी चार ओळी कापल्या. वाचून कापल्या का? — नाही. हाताला सवय होती.

यावलकडच्या एका बाईची तीन बोटं गेली. दांडा ओढून, मगच तिनं अडकलेल्या शेंगा काढायला हात घातला होता. पानात होतं तसंच.

कारखान्याच्या शेठनी विचारलं, हा दोष छापला का नाही? माझ्या खणात हस्तलिखित होतं. त्यात त्या ओळी होत्या. मी म्हणालो, मिस्त्रींनी सांगितलंच नाही. हस्तलिखित घरी नेऊन बंबात घातलं.

नानांना शेठनी कामावरून काढलं. निघताना ते माझ्या टेबलाशी आले. रागावलेले नव्हते — तेच सहन होईना.

“मी तुले सांगं व्हतं ना, भाऊ?”

“आठवत नाही, नाना.”



“मंग मीच इसरी गऊ,” नाना म्हणाले.

पुढे ते पाचोऱ्याला मुलीकडे राहिले. भेटेल त्याला सांगायचे म्हणे — माझ्या विसरण्यानं एका बाईची बोटं गेली. पाचोऱ्यावरून मी कितीदा गेलो. उतरलो नाही. नाना वारल्याचं कळलं, तेव्हाही नाही.

नाना विसरले नव्हते. मी खोटं बोललो.