अनुराधपुरात आई बोलली

सोलापूर स्टेशनवर चेन्नईची गाडी यायला अजून अवकाश होता. आईनं पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. पुन्हा एकदा तिनं विचारलं, "सुजे, तितं मला काय झालं तर मागारी आणत्यात का गं?"

"काही होत नाही आई. आठवडाभराचं तर आहे."

"तसं न्हवं. आपलं इचारून ठेवलं."

माझे यजमान प्रशांत बॅगांवर लक्ष ठेवून उभे होते. ते म्हणाले, "आई, जशी नेतोय तशीच परत आणतो, बघा." आईनं जावयासमोर डोक्यावरचा पदर सारखा केला. पण तिचं समाधान झालं नव्हतं, हे मला कळलं.

मी सोलापुरात एका शाळेत शिकवते. आमची मुलगी मैत्री इंजिनीअरिंगला आहे. दरवर्षी मे महिन्यात आम्ही तिघं कुठं ना कुठं जातो, पण देशाबाहेर कधी गेलो नव्हतो. यंदा मैत्रीला थायलंडचा समुद्र हवा होता, प्रशांतना दुबई बघायची होती. मला मात्र या वेळी आईला सोडून जायचं नव्हतं. माझे वडील, बापू, गेल्यापासून ती नातेपुत्याजवळच्या आमच्या गावात एकटीच राहते. सोलापूरला आली तर चार दिवसांत तिचे पाय गावाकडं ओढतात. मुळातच कमी बोलणारी, ती आता अगदीच गप्प झाली होती. शेवटी श्रीलंका ठरली. समुद्रही आहे, आणि आम्हा बौद्धांची बुद्ध पौर्णिमा तिथं वेसक म्हणून देशभर साजरी होते, ते आईला बघायला मिळेल.

विमानात आईनं खिडकीतून एकदाच खाली बघितलं आणि डोळे मिटून घेतले. कोलंबोला उतरल्यावर म्हणाली, "एस्टीपरीस बरं हाय. धक्के न्हाईत."

पहिला मुक्काम नेगोंबोला, समुद्राकाठी. सकाळी फिरत फिरत आम्ही मासळीबाजाराच्या मागं गेलो. वाळूवर काथ्याच्या लांबच लांब चटया अंथरलेल्या आणि त्यांवर चिरून मीठ लावलेले मासे वाळत घातलेले. बायका ओणव्या होऊन एकेक मासा उलटत होत्या. वास असा की मैत्रीनं नाकाला ओढणी लावली. आई मात्र थांबून बघत राहिली.

"आपल्याकडं मिरच्या घालत्यात तशीच की गं ही," ती म्हणाली, आणि आम्हाला काही कळायच्या आत चटईच्या कडेला ओणवी होऊन तीही मासे उलटायला लागली. शेजारची बाई आधी चकित झाली, मग हसली, आणि हातानं खूण करून तिनं दाखवलं, असा नाही, असा, कातडीची बाजू खाली. आईनं मान डोलावली आणि ती पूर्ण ओळ उलटून दिली. उठताना कंबर धरून म्हणाली, "लई दिवसांनी हाताला काम मिळालं." सुट्टी म्हणजे काय, याची तिची आणि आमची कल्पना वेगळी होती. समुद्राकडं तिनं नंतर बघितलं, तेही जरा वेळच.

जेवणाचं तिचं फारसं अडलं नाही. इंदिआप्पा (तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या शेवयांची चकती) तिला लगेच आवडला. पोल सांबोल, म्हणजे ओल्या नारळाची तिखट लाल चटणी, तर तिनं आमच्याही ताटातली घेतली. तीन वेळा भात मात्र तिला झेपेना. "भाताला काय पोटात थारा न्हाय," असं म्हणून ती रोज रात्री पिशवीतली कडक भाकरी चहात बुडवून खायची.

वेसकच्या दिवशी आम्ही गाडी करून अनुराधपूरला निघालो. रस्ताभर घराघरांवर कागदी कंदील लटकत होते, अगदी आपल्या आकाशकंदिलांसारखे. आणि गावागावांत दानसल, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवू घालणारे मांडव. लोक झेंडे हलवत रस्त्यावर येऊन गाड्या थांबवत होते. आमचीही गाडी थांबवली. एका बाईनं खिडकीतून आईच्या हातात भात आणि फणसाच्या भाजीची पुडी दिली. आईनं कमरेची पैशांची पिशवी चाचपली, तर ती बाई हात जोडून मागं सरली. गाडी पुढं गेल्यावर आई बराच वेळ मागं वळून बघत होती.

"जेवू घालायला गाडी अडवत्यात," ती म्हणाली. "असलं गाव बघितलं न्हवतं मी."

अनुराधपूरला पोहोचलो तेव्हा दुपार कलत आली होती. बोधगयेहून आणलेल्या फांदीचा तो प्राचीन बोधिवृक्ष आणि तिथून जवळच रुवनवेलिसाय हा पांढराशुभ्र, प्रचंड स्तूप. चपला लांबच काढाव्या लागतात. आम्ही सोलापूरच्या उन्हात वाढलेली माणसं, पण तिथल्या तापलेल्या फरशीनं आमचीही पावलं उड्या मारायला लागली. हजारो माणसं होती आणि सगळी पांढऱ्या कपड्यांत. वेसकला लोक दिवसभर शील पाळतात, दुपारनंतर जेवत नाहीत, झाडांखाली बसून सूत्रं म्हणतात. आईनंही वंदनेसाठी आपली पांढरी साडी नेसली होती.

प्रशांत चपला ठेवायला गेले होते, मी कमळं घ्यायला रांगेत होते, आणि मैत्री आजीला सावलीत बसवून पाणी आणायला गेली. ती परत आली तेव्हा सावलीत आजी नव्हती.

आधी वाटलं, असेल इथंच. पाच-दहा झाडांखाली शोधलं. मग फोन लावावा म्हटलं, तर तिचा मोबाइल माझ्याच पर्समध्ये होता. तिला इंग्रजी येत नाही, हिंदी मोडकीतोडकी, हॉटेलचं नाव ठाऊक नाही. मैत्री रडवेली होऊन म्हणत होती, "मम्मी, मी फक्त पाणी आणायला गेले होते गं." तिला जवळ घ्यायचंही मला सुचत नव्हतं.

तंबूत बसलेल्या एका पोलिसाला प्रशांतनी इंग्रजीत सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे विचारलं, "अंगावर काय आहे?"

"पांढरी साडी," मी म्हणाले.

त्यानं फक्त समोरच्या मैदानाकडं बघितलं. जिकडं तिकडं पांढऱ्या साड्या नेसलेल्या, केस पिकलेल्या, काळ्या-सावळ्या, बारीक अंगाच्या म्हाताऱ्या बायका बसलेल्या होत्या. त्यातली कोणतीही आई असू शकत होती. मी प्रत्येकीचा चेहरा बघत निघाले. काही जणींनी मला हात जोडले, एकीनं पाणी पुढं केलं. स्टेशनवर आईनं विचारलेलं सारखं डोक्यात येत होतं आणि मी ते बाजूला सारत होते.

स्तूपाच्या मागच्या अंगाला, जिथं लोखंडी मांडण्यांवर तेलाचे दिवे लावतात, तिथं पोहोचले आणि मला आवाज आला. त्या सिंहली गलबल्यात अस्सल आमच्या माळशिरसकडची मराठी.

"मीठ लई लागायचं त्येला. भाजी पुढ्यात आली की आदी मिठाचा डबा. मी म्हणायची, अरं चव तर बग. न्हाय. हासायचा नुसता."

एका वडासारख्या मोठ्या झाडाखाली आई पाय दुमडून बसली होती. समोर तिच्याच वयाची एक सिंहली बाई, आईचा हात हातात धरून. आई सांगत होती आणि ती बाई मान डोलावत ऐकत होती, जणू शब्द न् शब्द तिला कळत होता. मी पुढं व्हायचं सोडून जागच्या जागी थांबले. कारण आई ज्याच्याबद्दल बोलत होती, त्याच्याबद्दल तिनं आमच्या घरात पंचवीस वर्षांत एक अक्षर काढलं नव्हतं.

माझा भाऊ मिलिंद माझ्यापेक्षा मोठा. मी डी.एड.ला असताना तो गेला. संध्याकाळी अकलूजहून मोटरसायकलवर येत होता, रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती, मागं दिवा नव्हता. आईनं तेव्हा अन्न सोडलं होतं. म्हणून बापूंनी त्याचा फोटो भिंतीवरून काढून ट्रंकेत ठेवला आणि मला सांगितलं, तिच्यासमोर त्याचं नाव काढायचं नाही. आम्ही कधीच काढलं नाही. त्याच्या वाढदिवसाला मी गावाकडं जायची, इकडचं तिकडचं बोलायची, आणि परत यायची. मैत्रीला मामा होता एवढंच माहीत होतं.

"उंच इतका," आई हात वर करून सांगत होती. "दारातनं येताना वाकाय लागायचं. म्हणून बापूनं चौकटच वर घेतली. पर त्येला सवंच लागल्याली, तरी बी वाकायचाच." आणि ती चक्क हसली. ती बाईही हसली.

मग आईला मी दिसले. मी शोधत होते याची तिला कल्पनाच नव्हती. "ये, बस," ती म्हणाली. "ह्या सुमनावती. दिवं लावत हुत्या, मी बगाय आली. म्हणल्या, नम? म्हंजे नाव की. मी सांगितलं. मग गम? म्हंजे गाव. मग म्हणल्या, पुता? मला कळलं समदं."

सुमनावतींची सून शेजारीच होती, तिला इंग्रजी येत होतं. तिनं सांगितलं की सासूबाईंचा धाकटा मुलगा सैन्यात होता, उत्तरेकडच्या लढाईत गेला. तेव्हापासून दर वेसकला त्या इथं येऊन त्याच्या नावानं दिवा लावतात. "या अम्मा दिव्यांकडं बघत उभ्या होत्या. सासूबाईंनी 'पुता' म्हणून मुलाचा दिवा दाखवला. तेव्हा यांनी पण आकाशाकडं हात केला. मग दोघी बसल्या. बराच वेळ झाला. सासूबाई आपल्या मुलाचं सांगत होत्या, या आपल्या मुलाचं. मला यांचं काही कळलं नाही, पण मध्ये बोलावंसं वाटलं नाही."

एव्हाना प्रशांत आणि मैत्रीही येऊन पोहोचले. मैत्रीनं आजीच्या गळ्यात हात टाकले आणि मग तीही आमच्याबरोबर बसली. सुमनावतींनी मातीची पणती आईपुढं ठेवली, तेल ओतलं, आणि विचारलं, "पुता... नम?"

आईनं माझ्याकडं बघितलं. मग स्पष्ट म्हणाली, "मिलिंद."

"मिलिंद!" सुमनावतींनी सुनेकडं वळून काहीतरी भराभर सांगितलं. सून म्हणाली, "हे तर आमच्याकडचं नाव आहे. आमच्या शेजारच्या मुलाचंही हेच नाव आहे."

पणती लावली. दोघींनी हात जोडले आणि सुमनावतींनी त्रिशरण सुरू केलं. आईनं दुसऱ्याच शब्दापासून आवाज मिळवला. आसपासच्या बायकाही म्हणू लागल्या. मैत्री माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "मम्मी, या सगळ्या आजीसारखंच 'बुद्दं' म्हणतात." खरंच की. आमच्या गावाकडं 'ध'चा 'द' होतो, तसाच इथंही होत होता. शेवटी सगळ्यांनी एकदम "साधु, साधु, साधु" म्हटलं. पुण्य गेलेल्या माणसाला पोहोचावं म्हणून ते लोक हे करतात, असं सुनेनं सांगितलं. ते पोहोचतं का, मला माहीत नाही. आमच्या घरात असं मानत नाहीत. पण त्या दुपारी मला तो प्रश्न पडलाच नाही.

निघताना दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींचे हात सोडायला वेळ लावला. आईनं आपली कडक भाकरी सुमनावतींना दिली आणि कशी खायची ते हातवारे करून सांगितलं. त्या दुपारनंतर खाणार नव्हत्या, म्हणून त्यांनी ती पदरात बांधून घेतली.

हॉटेलकडं येताना प्रशांत पुढं, मैत्री खिडकीला टेकून झोपलेली. मी विचारलं, "आई, एवढं सगळं मनात होतं, तर आमच्यापाशी कधीच का बोलली नाहीस?"

ती रस्त्यावरचे कंदील बघत होती. म्हणाली, "आदी आदी मी बोलाय गेली की तुजा बाप उठून भाईर जायाचा. तू डोळं पुसायची. मला वाटायचं, ह्यांस्नी सोसत न्हाय. मग मी बी गप."

"आम्हाला वाटायचं, तुला सोसत नाही."

"व्हय," ती म्हणाली. "तसंच झालं आसंल."

एवढंच. ती रडली नाही, मीही नाही. बापू असते तर त्यांना काय वाटलं असतं, हे मात्र माझ्या मनात बराच वेळ होतं.

पुढं आम्ही कँडीला गेलो, चहाचे मळे बघितले, मैत्रीनं भरपूर फोटो काढले. आई त्या सगळ्यात होती, आणि आता कुतूहलानं बघणाऱ्या प्रवाशासारखी होती. मळ्यातल्या बायकांच्या पाठीवरची टोपली बघून किती भरती, किती ओझं, असले प्रश्न मला इंग्रजीत विचारायला लावायची. परतीच्या विमानात ती खिडकीशी बसली आणि चेन्नई येईपर्यंत खाली बघत होती.

फिरायला जाताना आपण स्थळांची नावं ठरवतो. घरापासून लांब जायचं, म्हणजे घरचं सगळं मागं राहील, असं वाटतं. माझं उलटं झालं. घरात जे पंचवीस वर्षं कुणाला उचलता आलं नाही, ते परक्या देशात, परक्या बाईसमोर आईला सहज खाली ठेवता आलं. कदाचित तिथं तिला कुणाला सांभाळायचं नव्हतं.

सोलापूरला उतरल्यावर आईला लगेच गावी जायचं होतं, म्हणून प्रशांतनी आपल्या भावाची गाडी आणली. पंढरपूर मागं पडल्यावर मैत्रीनं मागच्या सीटवरून विचारलं, "आजी, मामा कसा होता गं?"

मी आरशात बघितलं. आईनं पदर खोचला, जरा सरसावून बसली आणि सुरू झाली. त्यानं शाळेची पहिली पायरी चढायला किती रडून घेतलं ते, विहिरीत पोहायला शिकताना पाण्यातल्या सापाला दोरी समजून कसा धरला ते, आणि माझ्या लग्नाचं त्याचं काय काय ठरलं होतं ते, जे मला कधीच कळलं नव्हतं. माळशिरस गेलं, नातेपुतं गेलं. गाडी घरासमोर थांबली. शेजारच्या काकू पाण्याचा तांब्या घेऊन दारात आल्या, पोरं गोळा झाली. प्रशांतनी दार उघडलं.

आई उतरली नाही. "थांबा वो जावईबापू," ती म्हणाली. "एवढं सांगून हुंदे."

प्रशांतनी इंजिन बंद केलं, आणि आम्ही सगळे गाडीतच बसून राहिलो.