पोटाचा दर चार टक्के

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त कारकून राहतात. मुलीने त्यांना एक्सेलमधलं एक सूत्र शिकवलं. वर्षं, सुरुवातीचा आकडा आणि शेवटचा आकडा घातला, की दरसाल किती टक्के वाढ झाली ते कळतं. तेव्हापासून त्यांनी मिसळीच्या प्लेटचा, म्हशीच्या किमतीचा, एवढंच काय, माझ्या पोटाच्या घेराचाही दर काढला. "चार टक्के, राव! बचत खात्याला एवढं मिळत न्हाय की!" हे त्यांनी जिन्यातून ओरडून सांगितलं.

परवा माझा मेहुणा आला. नुकताच विमा एजंट झालेला, आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणजे त्याची बहीण.

"ताई, बारा वर्षांत पैसे दुप्पट!"

बायको कौतुकाने पेन शोधू लागली. तेवढ्यात वरचे काका लॅपटॉप काखेत मारून आत आलेच.

"थांबा पावणं, दर काढतो."

पडद्यावर पाच पूर्णांक पंच्याण्णव शतांश टक्के उमटले. मेहुण्याने फॉर्म हळूच मागे ओढला. या गृहस्थांनी आजवर दशांशसुद्धा कुणापासून लपवला नव्हता.

"किती आले, काका?" बायकोने विचारलं.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मेहुण्याकडे पाहिलं आणि लॅपटॉप मिटला.

"बॅटरी गेली, वैनी."

मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो, तेव्हा ते माझ्या कानाला लागले.

"सहा टक्के बी भरत न्हाईत, एफडीत यापरीस जास्त मिळतं. पर पावण्यांची पहिली भवानी हाय. ल्हानातली पॉलिसी घ्या, राव."